रेडकाला जावानीजमध्ये काय म्हणतात?

दिवस पहिला : योग्याकार्ता

विमानतळ शहरापासून लांब आहे. आगगाडीने चाळीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी भाचीची इंडोनेशियन शब्दांची वही चाळत बसले. 'देसा' म्हणजे खेडं, 'इस्त्री' म्हणजे बायको, 'सुआमी' म्हणजे नवरा, 'कारेना' म्हणजे कारण. पानापानावर ओळखीची माणसं भेटत होती. पुढे 'चिंता' दिसली आणि तिच्यासमोर लिहिलं होतं : प्रेम. "मावशी, ओळखीच्या शब्दांवर फार विसंबू नकोस," भाची म्हणाली.

ती जवळच्या सोलो शहरात वर्षभर गामेलान, म्हणजे जावाचं पारंपरिक वाद्यवृंदाचं संगीत, शिकते आहे, इंडोनेशियाच्या सरकारी दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर. त्या नावातही धर्म आणि शिष्य आहेत. मी सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर म्हटलं, भाची तिथे आहे तोवर जाऊन येऊ. एका देशात सातशेच्या वर भाषा आहेत आणि तरी राज्यभाषा एकच, हे जवळून बघायचं होतं.

आम्ही कोतागेडेत उतरलो. चांदीकाम करणाऱ्यांची जुनी वस्ती आहे ही. घरमालकीण चाळिशीची. तिचा नवरा मागच्या खोलीत चांदीच्या पत्र्यावर नक्षी काढतो. घरात तिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि चौथीतली मुलगी. इथे थोरल्या बाईला 'इबु' म्हणतात, हाक मारताना नुसतं 'बु'. मी आल्या आल्या बु झाले.

रात्रीच्या जेवणाला ती आधी आईजवळ गेली, किंचित वाकली आणि जेवायला चलण्याबद्दल विचारलं. त्यात जेवण्यासाठी शब्द होता 'डाहार'. मग मागच्या दाराकडे तोंड करून नवऱ्याला विचारलं, त्यात होता 'मांगान'. मुलीला म्हणाली, "आयो, माकान दुलू." म्हणजे चल, आधी जेव. एवढ्यात आईने तिलाच विचारलं, तू जेवलीस का? त्यावर तिने स्वतःसाठी वापरला 'नेडो'. मिनिटभरात एका बाईच्या तोंडून जेवण्याचे चार शब्द गेले आणि तिच्या ते गावीही नव्हतं.

भाचीने मला हळूच समजावलं. जावा बेटाच्या जावानीज भाषेत बरोबरीच्यांशी आणि धाकट्यांशी बोलायची ती 'न्गोको'. अदबीची ती 'क्रोमो', लिहितात 'क्रमा', मूळ आपला संस्कृत 'क्रम'. आणि समोरच्याला उंच बसवायचं तर 'क्रोमो इंगिल', तिचे शब्द आणखी वेगळे. 'डाहार' इंगिलमधला, 'नेडो' क्रोमोतला, 'मांगान' न्गोकोतला. चौथा 'माकान' जावानीज नव्हेच, तो इंडोनेशियन. आपण 'जेवलास का, जेवलात का, जेवण झालं का आपलं' असं विचारतो. आपलं क्रियापद शेपूट हलवतं. इथे अख्खा शब्दच उठून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो.

आजी, आई, बाप जावानीज बोलत होते आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या मुलीशी तिघंही इंडोनेशियन. झोपताना हेच डोक्यात होतं. जावानीज बोलणारे सात-आठ कोटी आहेत, म्हणजे आपल्या मराठीच्या जवळपास तेवढेच. मग या एका मुलीच्या वाट्याला ती का येऊ नये?

दिवस दुसरा : मालिओबोरो, राजवाडा, बाजार

रस्त्यांच्या पाट्यांवर रोमनबरोबर जावानीज लिपीही आहे. ही लिपी आपल्या ब्राह्मीच्याच घराण्यातली, अक्षरं वेलीसारखी वळणारी. अक्षरमाला मात्र क ख ग घ अशी चालत नाही. ती एक गोष्ट सांगते : हा ना चा रा का, दा ता सा वा ला, पा धा जा या न्या, मा गा बा था ङा. दोन सेवक होते, त्यांचं भांडण झालं, दोघं तुल्यबळ होते, दोघंही मरून पडले. अजी साकाच्या दोन इमानी सेवकांची ही कथा. मुळाक्षरं गिरवताना मुलांना एक शोकांतिका पाठ होते, हे मला फार मोठं वाटलं.

या चार ओळींवर योग्याच्या पोरांनी एक गुप्त बोली उभी केली आहे. पहिल्या ओळीतलं अक्षर तिसऱ्या ओळीतल्या त्याच जागेच्या अक्षराशी बदलायचं, दुसऱ्या ओळीतलं चौथीतल्या अक्षराशी. 'मास' म्हणजे दादा. 'मा' चौथ्या ओळीत पहिला, त्याचा होतो 'दा'. 'सा' दुसऱ्या ओळीत तिसरा, त्याचा होतो 'बा'. मासचा झाला 'दाब'. रिक्षावाले एकमेकांना 'दाब' म्हणून हाका मारतात. आपल्याकडची 'च'ची भाषा आठवली, पण हिच्यासाठी लिपी तोंडपाठ हवी. भाचीने विचारलं तर तो रिक्षावाला म्हणाला, पाटीवरची अक्षरं मला सलग वाचता येत नाहीत. लिपी विसरली, तिच्यावर बेतलेला खेळ राहिला.

राजवाड्यात एक गोष्ट ऐकली ती अजून सोडत नाही. जिथे पायरीपायरीला मान ठरलेला, त्या वाड्याच्या आत राजपुत्र आणि सेवक आपसात एक वेगळी बोली बोलत आले आहेत, 'बागोंगान'. मोजकेच वेगळे शब्द आहेत तिच्यात. 'मी'ला 'मनिरा', 'तू'ला 'पाकेनिरा', आणि दोन्ही बाजूंनी तेच. राजपुत्राने सेवकाला म्हणायचं ते आणि सेवकाने राजपुत्राला म्हणायचं ते एक. फक्त सुलतानाशी बोलताना सगळे इंगिल. उतरंडीचा सगळ्यात जास्त काच जिथे होता, तिथेच लोकांनी सपाटीवर बोलायची एक जागा करून ठेवली.

बेरिंगहार्जो बाजारात बातिकचे गठ्ठे छतापर्यंत. विक्रेत्या बाईने मला इंग्रजीत भाव सांगितला. भाचीने इंडोनेशियनमध्ये विचारलं तेव्हा थोडा उतरला. मग भाचीने क्रोमोतून "पिंतेन, बु?" म्हटलं. बाईने हातातलं कापड खाली ठेवलं, शेजारणीला हाक मारली, दोघी हसल्या आणि आम्हाला बसायला स्टूल आलं. भाव फारसा उतरला नाही. स्टूल मात्र आलं.

दिवस तिसरा : सोलो

योग्या ते सोलो लोकल गाडी आहे, आठ हजार रुपिया तिकीट, तासाभराचा रस्ता. प्राम्बानानची देवळं, क्लातेनची भातखाचरं मागे पडतात. सोलो आणि योग्याची जावानीज सगळ्यात शुद्ध, असं जावात सगळेच मानतात. सोलोतले तर त्याहून थोडं जास्त मानतात.

भाचीच्या वर्गातली मुलं चहाला भेटली. इथला चहा 'नासगितेल', म्हणजे 'पानास, लेगी, केंतेल' : गरम, गोड, दाट. सातारकर बाईला आणखी काय हवं. मुलं आपसात न्गोको बोलत होती. त्यात इंडोनेशियन वाक्यं सहज मिसळत होती, आणि इंडोनेशियन वाक्याच्या शेवटी 'तो', 'ल्हो', 'कोक' ही जावानीज शेपटं, आपल्या 'ना', 'की', 'बरं का' सारखी. अशा बोलण्याला 'गाडो-गाडो' म्हणतात. भाज्या, अंडं, तोफू, वरून शेंगदाण्याची आमटी, असा तो पदार्थ. म्हणताना कुणाच्या आवाजात लाज नव्हती.

त्यांच्यातला एक पोरगा पेमालांगचा. त्याला विचारलं, सरांशी कोणत्या भाषेत बोलतोस? "इंडोनेशियन." सर जावानीज, तू जावानीज, शिकवतात जावाचं संगीत, मग? तो थोडा थांबला. "क्रोमोत चुकलं तर सरांचा अपमान होतो. इंडोनेशियनमध्ये चुकलं तर नुसतं व्याकरण चुकतं."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

नियम असा की इंगिलचे शब्द स्वतःला कधी लावायचे नाहीत. 'मी जेवलो' याला 'कुलो नेडो'. 'कुलो डाहार' म्हटलं की आपणच आपल्याला पाटावर बसवून ओवाळल्यासारखं. मुलं घरात मोठ्यांसाठी 'डाहार' ऐकतात आणि तोच उचलतात, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त होते. शिवाय गंमत पाहा, जावानीज माणूस 'बोसो येत नाही' म्हणतो तेव्हा त्याला क्रोमो येत नाही एवढंच म्हणायचं असतं. 'बोसो' म्हणजे भाषा. जन्मापासून न्गोको बोलणारा माणूस आपल्याला भाषा येत नाही म्हणतो! आणि ज्याला रीत कळत नाही, अशा लहान पोराला 'दुरुंग जावा' म्हणत आले आहेत : हा अजून जावाचा झालेला नाही.

या ओझ्याविरुद्ध बंडही झालं होतं. 1910 च्या दशकात सुराबायात 'जावा दिपा' नावाची चळवळ निघाली. क्रोमो टाका, सगळ्यांनी सगळ्यांशी न्गोको बोला, असं तिचं म्हणणं. ती टिकली नाही. समता आली ती मलय भाषेतून आलेल्या इंडोनेशियनच्या वाटेने, जिच्यात शेतकरी आणि सरदार दोघंही 'साया'च, म्हणजे 'मी'. 1928 मध्ये देशातल्या तरुणांच्या परिषदेने जावानीज न निवडता मलय निवडली, तेव्हा जावानीज हीच देशातली सगळ्यात मोठी भाषा होती. सगळ्यात मोठ्या भाषेच्या लोकांनी दुसऱ्या भाषेला मान दिला, याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. आज क्रोमोला भिणारा हा पोरगा इंडोनेशियनमध्ये मोकळा श्वास घेतो, तेही मला खोटं म्हणवत नाही.

संध्याकाळी पासार गेडेत 'एस दावेत' प्यायलो. बाजाराशेजारी चिनी देऊळ आहे आणि आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबांची दुकानं. एका दुकानातली सत्तरीची बाई हमालाशी न्गोको, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी सुरेख क्रोमो आणि गल्ल्यावरच्या मुलाशी गाडो-गाडो बोलत होती. चिनी येतं का, विचारलं. ती लहान असताना, 1966 मध्ये, चिनी शाळा बंद झाल्या. पुढे अध्यक्ष सुहार्तोंच्या काळात चिनी सण उघडपणे साजरे करायलाही बंदी होती. ती 2000 मध्ये अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, सगळ्यांचे 'गुस दुर', यांनी उठवली. आता तिची नातवंडं मँडरिनच्या शिकवणीला जातात. तिला स्वतःला आई-आजीकडून आलेले नात्यांचे शब्द तेवढे राहिलेत. "माझी भाषा सोलोची," ती म्हणाली आणि एस दावेतचे पैसे घेईना.

रात्री स्टेशनाबाहेर एकजण गिटारवर दिदी केम्पोत यांचं गाणं म्हणत होता. दिदी केम्पोत सोलोचे, जावानीजमध्ये गायचे. 2020 च्या मे महिन्यात गेले. शेवटच्या वर्षात विशीची पोरं हजारोंनी त्यांच्यासोबत रडत गायची आणि स्वतःला 'सोबात आम्ब्यार' म्हणवायची, म्हणजे काळीज फुटलेले दोस्त. त्या गाण्यांत न्गोको आहे. प्रेमभंगाला क्रोमो लागत नाही.

दिवस चौथा : कोतागेडे

आज कुठे गेले नाही, आणि सगळ्या प्रवासातला हाच दिवस माझा.

दुपारी मुलगी शाळेतून आली आणि ओसरीवर गृहपाठ घेऊन बसली. आठवड्यातून थोडे तास जावानीजचा विषय असतो. वहीत दोन रकाने होते, डावीकडे प्राणी, उजवीकडे रिकाम्या जागा. मी चित्रांवरून ओळखलं आणि अंगावर काटा आला. पिल्लांची नावं! गायीचं वासरू, शेळीचं करडू, घोडीचं शिंगरू. मी सव्वीस वर्षं हेच फळ्यावर लिहीत आले होते.

तिने भरलं : कोंबडीचं 'कुटुक', गायीचं 'पेडेत', शेळीचं 'चेम्पे', घोडीचं 'बेलो'. म्हशीपाशी अडली. आईला विचारलं. आई स्वयंपाकघरातून आली, वही पाहिली, ओठ हलवले, तिलाही आठवेना. आईने आजीकडे पाहिलं. आजी पडवीत लवंडली होती, डोळे न उघडता म्हणाली, "गुदेल."

मी माझ्या वहीवर 'रेडकू' लिहिलं आणि मुलीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "रेदकू." मी म्हटलं, "गुदेल." मग आमचा खेळ सुरू झाला. पेडेत-वासरू, चेम्पे-करडू, बेलो-शिंगरू. 'ड' आला नाही आणि मी सुधारला नाही. आजी उठून बसली. तिने एक म्हण सांगितली : 'केबो नुसु गुदेल', म्हैस रेडकाला लुचते. थोरल्याने धाकट्याकडून शिकावं लागणं. आजी लेकीकडे बघून हे म्हणाली आणि लेक खाली बघून हसली.

मुलगी खेळायला गेल्यावर मी भाचीमार्फत विचारलंच, हिच्याशी जावानीज का नाही बोलत?

घरमालकीण वेळ घेऊन बोलली. बोलत होते सगळे. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मुलीला न्गोको छान यायची, क्रोमोचे शब्दही उचलत होती. मग एका लेबारानला, म्हणजे ईदला, सगळं गोत जमलं. या दिवशी धाकटे थोरल्यांपुढे गुडघ्यांवर बसून क्रोमोत माफी मागतात. मुलीने पाठ केलेलं न चुकता म्हटलं. सगळ्यांनी कौतुक केलं. नंतर कुणी आजोबांनी विचारलं, जेवलीस का? ती ताठ बसून म्हणाली, "कुलो साम्पुन डाहार." स्वतःला इंगिल! खोली हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, लाडानेच हसले. त्या दिवसापासून पोरीने मोठ्यांशी बोलताना इंडोनेशियन धरली ती आजपर्यंत. "आणि माझंही क्रोमो पक्कं नाही," आई म्हणाली. "चुकीचं शिकवलं तर उद्या सासरी हसतील. इंडोनेशियनला कुणी हसत नाही."

मी गप्प राहिले. 'पानी' म्हणणारं पोर उभं करून मी वर्गासमोर 'पाणी' म्हणायला लावलं आहे. एकदा नव्हे. वर्ग हसायचा, मी हसू दिलं. ती पोरं घरी जसं बोलतात तसंच बोलत होती. त्यातली किती नंतर वर्गात बोलायचीच थांबली, त्याची नोंद माझ्या हजेरीपटात नाही. भाषा मरते ती तिचा द्वेष करणाऱ्यांमुळे, असं मी आजवर भाषणांत सांगत आले. या ओसरीवर तिच्यावर जीव असलेली माणसंच बसली होती.

मी हे सगळं भाचीला सांगितलं. तिने ते त्यांना सांगितलं की नाही, ठाऊक नाही. बराच वेळ बोलत होती. आजीने माझ्या मांडीवर हात ठेवला.

दिवस पाचवा : बांडुंगची गाडी

भाची सोलोला परत गेली. सहा-सात तासांच्या प्रवासाला आता मी एकटी. निघताना आजी म्हणाल्या, "सुगेंग तिंदाक." सुखाचा प्रवास करा.

गाडी पश्चिमेला निघाली तशी भाषाही बदलत गेली. शेजारी केबुमेनकडचे एक बँकेतले गृहस्थ होते, इंग्रजी चांगलं. तिकडची जावानीज 'न्गापाक'. योग्या-सोलोत 'काय'ला 'ओपो' म्हणतात, हे 'आपा' म्हणतात, लिहिल्यासारखं, शेवटचा 'क' ठणठणीत. 'मी'ला 'इन्योंग'. टीव्हीवर न्गापाक बोलणारा म्हणजे मोलकरीण नाहीतर विदूषक. हे गृहस्थ योग्याला कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात तोंड मिटलं. चार वर्षं इंडोनेशियन बोलले. आता मात्र त्यांच्या फोनवर स्टिकर आहे, 'ओरा न्गापाक, ओरा केपेनाक' : न्गापाक नाही तर मजा नाही. क्रोया स्टेशनाला फोन आला, तेव्हा डबाभर ऐकू जाईल असे न्गापाक बोलले. मला त्यांचा अभिमान वाटला.

बांजारनंतर डोंगर, आणि सुंदानीज भाषेचा मुलूख. फळवाली 'गेदांग' ओरडत आली. मी योग्यात शिकलेलं, गेदांग म्हणजे केळं. पाटीत पपई होती. सुंदानीजमध्ये गेदांग पपई, केळं 'चाऊ'. तसंच 'आमिस' : योग्यात माशाचा हिवस वास, इथे गोड. "आमिस, आमिस," म्हणत ती पपई पुढे करते आणि जावानीज माणूस नाक मुरडतो.

दिवस सहावा : बांडुंग

थोडंच लिहिते, दिवसभर पाय दुखत होता. इथे ताईला 'तेतेह', वाट मागताना 'पुन्तेन', आभार 'हातुर नुहुन'. सुंदानीजलाही अदबीच्या पायऱ्या आहेत. त्या मध्य जावातल्या माताराम राज्याच्या सत्तेबरोबर आल्या असं मानतात, त्यामुळे कित्येक सुंदानीज लोकांना अदबीची बोली पाहुणी वाटते. खानावळीतल्या तेतेहने स्वतःहून गंमत सांगितली : लोक म्हणतात आम्हा सुंदानीजना 'फ' येत नाही, ती सगळी 'पितना' आहे. 'फितना' म्हणजे बदनामी. सांगताना तिला स्वतःलाच हसू आवरेना. आपल्याबद्दलचं हसू आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही.

दिवस सातवा : जाकार्ता

क्रामात राया 106. साधं, बसकं, कौलारू घर. तेव्हा विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं, मालक सिए कोंग लियान नावाचे चिनी गृहस्थ. 28 ऑक्टोबर 1928 ला इथे तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली. वागे रुडोल्फ सुप्रातमान यांनी व्हायोलिनवर राष्ट्रगीताची चाल वाजवली, शब्दांशिवाय.

शपथेची तीन वाक्यं मी रोमनमधून अक्षर लावत वाचली. सुरुवात 'आम्ही इंडोनेशियाचे पुत्र आणि पुत्री'. पहिलं वाक्य : आमची मायभूमी एक. दुसरं : आमचं राष्ट्र एक, शब्द 'बांगसा', आपला वंश. तिसऱ्या वाक्यात मात्र 'एक' हा शब्द नाही. तिथे आहे, आम्ही ऐक्याच्या भाषेला 'मेंजुंजुंग' करतो. मेंजुंजुंग म्हणजे डोक्यावर वाहून नेणं. शिरोधार्य. भाषा एकच, असं त्या मुलांनी म्हटलंच नाही. एक भाषा डोक्यावर घेतली, हात बाकीच्यांसाठी मोकळे ठेवले. 1945 च्या घटनेतही कलम 36 इंडोनेशियनला राज्यभाषा करतं आणि आज कलम 32 प्रादेशिक भाषांना राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायला सांगतं. मी त्या वाक्यापुढे बराच वेळ उभी होते.

बाहेर टॅक्सीवाला हिशेब 'गोचेंग', 'चेबान' असा करत होता, पाच हजार, दहा हजार. हे होक्कियेन चिनी आकडे. जाकार्तात सगळेच वापरतात, तसेच 'गुए' आणि 'लू', मी आणि तू. दक्षिण जाकार्तातल्या कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावरची मुलं दर वाक्याला 'विच इज' आणि 'लिटरली' पेरत होती. या बोलीची सगळ्या देशात टिंगल होते. मी आता टिंगलीच्या बाजूची राहिले नाही. कान देऊन ऐकलं. मैत्रिणीची आई आजारी होती आणि एक मुलगी दुसरीला धीर देत होती, तिच्याजवळ असलेल्या सगळ्या भाषांमधून.

रात्री सामान भरताना फोनवर आवाजी निरोप आला, कोतागेडेहून. मुलीचा आवाज, जरा घाबरलेला : "सुगेंग वांगसुल, बु." सुखरूप घरी जा. वांगसुल क्रोमोतला; थोरल्या माणसाला इंगिल हवं. मागून आजींचा आवाज आला, सावकाश, कानाशी बोलावं तसा : "कोन्दुर." हसलं कुणी नाही. एक क्षण काहीच नाही, मग मुलगी पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्याने, "सुगेंग कोन्दुर, बु!" आणि लगेच, कुणी न सांगता, "रेदकू!"